मदत हवी आहे: आधी सेट की एनआयएस डिप्लोमा?

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मानधनावर अ‍ॅथलेटिक्स कोच आहे. वय ३१, खुला प्रवर्ग, एम.पी.एड. ५८ टक्के, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स झालाय. मैदान मुरमाचं, ट्रॅक दर आठवड्याला आम्हीच फक्कीने आखतो, तरी पोरं विद्यापीठाच्या संघात जातात. मानधन मात्र परीक्षा लागल्या की बंद.

क्रीडा संचालकाच्या कायम जागेला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास हवी. सोबत फिटनेस टेस्ट, माझ्या वयाला १२ मिनिटांत १५०० मीटर. त्याची चिंता नाही, पोरांसोबत रोज त्याहून जास्त पळतो. सेट दिली, विषयाचा पेपर बरा गेला, सगळ्यांना सामाईक असलेल्या पेपर एकने घात केला. साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरण) कोच भरतीत एनआयएसचा डिप्लोमा विचारतात, पण तो वर्षभराचा निवासी. घरी कमावणारा मी एकटा, त्यामुळे यंदा तरी पतियाळा अवघड. पीएच.डी. सुचवू नका, तेवढा धीर नाही.

तिशीनंतर डिप्लोमा केलेल्यांनी सांगा: परत आल्यावर कॉलेजात घेतलं का, की अकादमीच गाठावी लागली? आणि संचालकपदाच्या मुलाखतीत डिप्लोमाला खरंच वजन मिळतं का?