मदत हवी आहे : लुक्काच्या तटावर आईसोबत सायकल

मंडळी, एप्रिलमध्ये आईला घेऊन इटलीतल्या लुक्काला २ दिवस जातेय. तिथला शहराभोवतीचा जुना तट अजून अखंड आहे आणि त्यावरून झाडांच्या सावलीत ४ किलोमीटरची फेरी सायकलने मारता येते, हे कळल्यापासून आईने तेच धरलंय. वय ६६, गेल्या २० वर्षांत सायकलला हात नाही. दोघींनी मिळून चालवायची सायकल भाड्याने घ्यावी की वेगवेगळ्या? तटावर चढायचा उतार तिला झेपेल का?

आतल्या गल्ल्या आणि रोमन रंगमंडलाच्या (अ‍ॅम्फीथिएटरच्या) जागी झालेला लंबगोल चौक पायीच बघू. ग्वीनीजी मनोऱ्याच्या माथ्यावरची ओकची झाडं मला बघायचीच आहेत, पण पायऱ्या २००च्या वर! तेवढा वेळ आईला जवळपास निवांत कुठे बसवता येईल? वडीलधाऱ्यांना घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.