मदत हवी आहे: ग्रीन डेचा ‘सेव्हिअर्स’ दादाला भेट द्यावा का?

माझा दादा पक्का ग्रीन डेवाला. त्याच्या लेखी हा अमेरिकन पंक रॉक बँड ‘डूकी’ (1994) या अल्बमपासून ‘अमेरिकन इडियट’पर्यंत (2004). पुढचा सगळा म्हातारचळ. मार्च 2025 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा संगीत महोत्सवात त्यांना ऐकून आला, तरी म्हणे जुनी गाणी लागली तेव्हाच मजा आली.

आता त्याने टर्नटेबल घेतलाय, वाढदिवसाला रेकॉर्ड द्यायची आहे. मला त्यांचा 2024 चा अल्बम ‘सेव्हिअर्स’ आवडतोय, पण नेटवर वाचून डोकं गरगरलं. कुणी म्हणतं वीस वर्षांतलं सर्वोत्तम काम, कुणी म्हणतं नुसती उजळणी. त्यातल्या ‘वन आइड बास्टर्ड’ची सुरुवात गायिका पिंकच्या ‘सो व्हॉट’सारखी वाटते म्हणून खिल्लीही उडवलीय. रेकॉर्ड स्वस्त नाही, म्हणून विचारतेय. घेऊ, की मुकाट त्यांचा जुना ‘निमरॉड’ (1997) घेऊ? जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

बेसुरा_बेसिस्ट: आधी 2020 चा ‘फादर ऑफ ऑल’ आठवा. जेमतेम 26 मिनिटं, टाळ्या आणि फाल्सेटो (मुद्दाम काढलेला उंच, पातळ आवाज). निम्मे चाहते रुसले होते. त्यानंतर साधं गिटार ऐकू आलं तरी लोक सुटकेचा निःश्वास टाकणारच. ‘सेव्हिअर्स’च्या कौतुकात तो निःश्वास बराच आहे. त्यात निर्माता रॉब कॅव्हालो परत आला, ‘डूकी’ आणि ‘अमेरिकन इडियट’वाला. पण 2012 मधले ते तीन अल्बमही त्याचेच, हे कुणी बोलत नाही. 15 गाणी आहेत, चार गाळली असती तर बरं झालं असतं.

खडूस_काकू: ‘हे विकले गेले’ ही ओरड तीस वर्षांची आहे हो. मोठ्या कंपनीशी करार केल्यावर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या 924 गिलमन या पंक क्लबने, जिथे ही पोरं वाढली, त्यांना दार बंद केलं होतं. तुमच्या दादाचा लाडका ‘डूकी’ त्या करारानंतरचाच.

राजकीय गाण्यांपुरतं दादाचं म्हणणं मला पटतं. 2004 मध्ये समोर बुश आणि इराक युद्ध होतं, राग एका जागी लागत होता. ‘द अमेरिकन ड्रीम इज किलिंग मी’ मध्ये सगळ्यालाच हात घातलाय, त्यामुळे नेम चुकतो. पण ‘डिलेमा’ ऐका. त्यांचा गायक बिली जो 2012 मध्ये व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेला होता. या गाण्यात तो त्या व्यसनाबद्दल आडपडदा न ठेवता बोलतो. ‘फादर टू अ सन’ही तसंच. बापाने लिहिलेलं गाणं आहे ते, विशीत नसतं सुचलं. या दोनासाठी मी अल्बम ठेवला.

गाडीत_स्पीकर: विकत घ्यायच्या आधी गाडीत लावून बघ. अल्बमचं नाव सांगू नकोस. ‘1981’ नि ‘लुक मा, नो ब्रेन्स!’ दोन-दोन मिनिटांची आहेत, त्याला हरकत घ्यायला वेळच मिळणार नाही. ‘अमेरिकन ड्रीम’ पहिलं लावलंस तर मात्र 2004 चं पुराण ऐकावं लागेल.

धागाकर्ती: काकू, गिलमनचं माहीत नव्हतं, जेवताना सोडते हा बॉम्ब! ‘डिलेमा’ शनिवारी गाडीत लावेन. आता एकच विचारायचंय: सील फोडलेली रेकॉर्ड पुण्यातले दुकानदार बदलून देतात का? ‘सेव्हिअर्स’ परत आलाच तर ‘निमरॉड’वर यायला रस्ता हवा.