घराची वाट रस्त्याला जोडायला परवानगी हवीच का?

चरापलीकडे: शेजाऱ्यांनी गाडीसाठी नवी वाट केली. रस्त्याकडेचा चर मातीने बुजवला, वर काँक्रीट ओतलं, झालं काम. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबून आमच्या पायरीला लागलं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून काठीने पालापाचोळा ओढत होते, तेव्हा कळलं की खाली पाइपच नाही. माझं मत सरळ आहे. फाटकाच्या आत मालकाची मर्जी. फाटक ते डांबर ही पट्टी सगळ्यांची. तिथे काम करायचं तर आधी परवानगी घ्या, मग तपासणी होऊ द्या.

मोकळी वाट: तुमचं नुकसान खरं आहे, पण चर बुजवणाऱ्याला दंड करा की. बाकीच्यांना रांगेत कशाला उभं करता? आम्हाला फक्त जुन्या वाटेचं फुटलेलं काँक्रीट बदलायचं होतं. त्यासाठी नकाशा, अनामत आणि दोन खात्यांच्या सह्या! रस्तेवाले म्हणायचे गटारवाल्यांची सही आणा, गटारवाले म्हणायचे आधी रस्त्याची. चार महिने आईची व्हीलचेअर फळीवरून उतरवली. फळी ओली असली की मी खुर्ची धरून उलटा चालायचो.

मोजपट्टी: रस्त्यांच्या कामात वर्षं गेली म्हणून लिहितो. पाइप आहे की नाही एवढं बघून भागत नाही. उतार सारखाच असला तरी १२ इंची पाइप भरून वाहताना १८ इंचीच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी नेतो. वरून बघताना फरक वीतभराचाही नाही, म्हणून लोक स्वस्तातला टाकतात. दुसरं म्हणजे नजर. ताशी ५० किमी वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ३५ मीटर तिथेच गेले. थांबायचं अंतर त्यापुढे. वळणाला लागून वाट काढली आणि शेजारी उंच भिंत बांधली, तर रिव्हर्समध्ये बाहेर येणाऱ्याला काहीच दिसत नाही. चौकापासूनच्या अंतराचा नियम त्यासाठीच असतो.

पायी चालणारी: फूटपाथचं कुणीच बोललं नाही. दर घरासमोर तो गाडीसाठी रस्त्याकडे कलतो. बाबागाडी ढकलून बघा, सारखी रस्त्याकडे ओढते. चालायची पट्टी सपाट ठेवून उतार तिच्या बाहेर द्यायला हवा.

मोकळी वाट: @मोजपट्टी, पाइपाचं पटलं. मग हीच मापं आधीच छापून द्या ना! पाइप केवढा, उतार किती, चौकापासून अंतर किती. मापात बसेल त्याला त्याच दिवशी होकार, बाकीच्यांची तपासणी.

चरापलीकडे: नाही पटत. आमचे शेजारीही 'पाइप टाकलाय' असंच सांगत होते. काँक्रीट पडल्यावर कोण उकरून बघणार? ओतायच्या आधीच कुणीतरी येऊन बघायला हवं. जुन्याच वाटेची दुरुस्ती असेल तर सूट द्या, तुमच्या आईंसारखं कुणाचं होऊ नये. नव्या वाटेला सूट नको.

मोकळी वाट: मग तपासणीला किती दिवसांत येणार, तेही नियमात लिहा. नव्या घरातही व्हीलचेअरवरचं माणूस असतं. चर उकरलेला, साहेबांचा पत्ता नाही, तोवर त्याने बाहेर पडायचं कुठून?