मदत हवी आहे: हॉलसाठी स्टिरिओ स्पीकर, बजेट २० हजार, मुख्य ऐकणं शास्त्रीय गायन

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी स्पीकर घ्यायचे आहेत. बजेट २० हजार, फार तर २२. घर मिरजेत आणि मी पुण्यात, त्यामुळे घेऊन बघू, नाही आवडले तर बदलू, असं जमणार नाही.

थोडं सविस्तर सांगते, कारण मागच्या वेळी मी घाई केली होती. दीड वर्षापूर्वी टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार घेऊन दिला. बातम्या आणि मालिका त्यावर स्वच्छ ऐकू येतात, आई खूश आहे. बाबांनी मात्र दोन आठवड्यांत त्यावर गाणं लावणं सोडून दिलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तंबोरा कुठाय यात? गवई एकटाच बसलाय."

बाबा ७३ वर्षांचे आहेत. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटांवर. कारागीर भोपळ्यावर वाकून जवारी लावताना (तारेखालची घोडी घासून आवाजाला झणकार आणताना) जो आवाज येतो तो ऐकत ते वाढले. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा त्यांनी क्वचितच चुकवली असेल. चांगल्या तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या तारेतून, स्वयंभू गंधार (न छेडता आपोआप उमटणारा ग) ऐकू आला पाहिजे, ही त्यांची साधी परीक्षा. स्पीकरनंही त्यात पास व्हावं अशी माझी इच्छा आहे.

यावर मी थोडा हिशोब केला. गवयाचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. चार इंची वूफरला (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याला) तिथे दम लागतो हे समजू शकते. पण गंधार येतो तो त्या तारेच्या पाचपटीवर, सुमारे ३४६ हर्ट्झला. तो तर कुठल्याही बऱ्या स्पीकरनं दाखवायला हवा. म्हणजे मला धडधडणारा बास नको, मधला पट्टा स्वच्छ हवा. बरोबर विचार करतेय का?

आता खोली. हॉल ११ बाय १५ फूट, शहाबादी फरशी, भिंती उघड्या, एका बाजूला दोन खिडक्या. टाळी वाजवली की घुमते. बाबांची आरामखुर्ची समोरच्या भिंतीपासून नऊ फुटांवर. स्पीकर टीव्हीच्या लाकडी युनिटवरच बसतील, मागे जेमतेम चार-पाच इंच जागा. जमिनीवर उंच खोकी आईला चालणार नाहीत, आणि तिचं बरोबर आहे, नातवंडं येतात तेव्हा तिथेच खेळतात.

दोन पर्याय डोळ्यासमोर आहेत:

पहिला, अँप्लिफायर आतच असलेली जोडी. एडिफायर आर१२८०डीबी पाहिली. ४२ वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी खरी शक्ती), ब्लूटूथ आहे, टीव्हीची ऑप्टिकल वायर लागते, हवा सोडायचं भोक पुढच्या बाजूला असल्यामुळे भिंतीजवळ ठेवता येईल असं वाटतं. शिवाय बाबांना एकच बटण फिरवायचं. बजेटमध्ये बसून पडदे आणि जाजमासाठी पैसे उरतात.

दुसरा, साधी पॅसिव्ह (आत अँप्लिफायर नसलेली) जोडी आणि वेगळा छोटा अँप्लिफायर. पुढे-मागे एकच वस्तू बदलता येते हा फायदा. पण दुकानदार वॉटवरच अडून बसतात. एकानं तर अजून पीएमपीओचे (क्षणभराच्या शक्तीचे, फुगवलेले) हजारांतले आकडे सांगितले. नऊ फुटांवरून, शेजाऱ्यांना त्रास न देता ऐकायला खरे २०-३० वॉट भरपूर झाले ना? तीन डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर घेतला तर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळतो, मग त्याच आकड्याकडे आधी बघावं असं मला वाटतं.

आणखी एक शंका. बाबांचं निम्मं भांडार जुन्या तबकड्यांवरून आणि आकाशवाणीवरून उतरवलेलं, म्हणजे मोनो, दोन्ही स्पीकरमध्ये एकच आवाज. त्यासाठी दोन स्पीकरचा उपयोग होतो की पैसे वाया?

---

भर, रविवार रात्र:

इतक्या लवकर इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मोनो गाणंही दोन स्पीकरवर बरोबर मध्यभागी ऐकू येतं असं ज्यांनी लिहिलंत त्यांचं म्हणणं कालच तपासून पाहिलं. मावसभावानं त्याची पॅसिव्ह जोडी आणि अँप दोन दिवसांसाठी मिरजेच्या घरी आणून दिला. जोडल्यावर आवाज सगळ्या खोलीत पसरलेला, डग्गा पोकळ, गायक नक्की कुठे बसलाय ते कळेना. बाबांचा चेहरा पडला. तुमच्यापैकी एकानं लिहिलं होतं की आधी वायरची लाल-काळी टोकं बघा. एका स्पीकरची खरंच उलटी होती! सरळ केली आणि तीच मोनो तबकडी बरोबर दोन्ही स्पीकरच्या मध्ये, टीव्हीच्या जरा वर, एका जागी गायला लागली. ही एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

मग तुमच्या बाकीच्या सूचनाही अमलात आणल्या. स्पीकर सहा फूट अंतरावर, थोडे खुर्चीकडे वळवून, खाली जुनी जाड पुस्तकं ठेवून ट्वीटर (वरचे सूर काढणारे छोटे पडदे) कानाच्या उंचीला आणले. फरशीवर लग्नातलं जाजम अंथरलं. घुमणं जाणवण्याइतकं कमी झालं. एकच राहिलं, या जोडीचं भोक मागे आहे आणि भिंतीजवळ डग्गा फुगतो. भोकात पायमोजा कोंबल्यावर बराच आटोक्यात आला.

बाबा तीन तास बसले होते. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

त्यामुळे आता माझा प्रश्न इतकाच उरलाय. पुढे भोक असलेली, अँप आत असलेली जोडी घ्यावी, की हीच पद्धत ठेवून पॅसिव्ह घ्यावी आणि मोज्यावर भागवावं? ज्यांनी दोन्ही प्रकार गायनासाठी, लहान हॉलमध्ये, भिंतीला खेटून वापरले आहेत त्यांचा अनुभव हवा आहे. आणि ऑप्टिकल वायर वापरणाऱ्यांनी हेही सांगा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (साध्या, न आवळलेल्या डिजिटल स्वरूपात) एकदा ठेवला की तो तसाच राहतो, की वीज गेल्यावर पुन्हा बदलावा लागतो? मिरजेत वीज जाते, आणि ते सेटिंग बाबांना फोनवरून सांगणं अवघड आहे.

शनिवारी पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार आहे. बाबांची एक सीडी सोबत घेतली आहे, तंबोरा सुरुवातीला पूर्ण मिनिटभर एकटा वाजतो ती.