ओरडून, रागावून पाहिलं, तरी चिंगीचं खणणं थांबत नाहीये, उलट वाढलंय

नवीबाग

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. आमची चिंगी दीड वर्षाची आहे, मिक्स आहे, तोंडावरून बीगल वाटते पण पाय आखूड. स्वभाव एकदम प्रेमळ. पण सध्या घरात तिच्यावरून रोज वाद होतायत.

पहिलं म्हणजे खणणं. कुंपणाजवळच्या वाफ्यात मी गुलाबाची रोपं लावली, दोन दिवसांत उपटून बाहेर. परत लावली, परत उपटली. असं चार वेळा झालं. मोठ्या झाडाखाली वेगळा खड्डा केलाय त्यात ती आडवी पडून असते. दुसरं, गेटसमोरून कोणीही गेलं की कुंपणाला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत भुंकते. तिसरं, घरात कोणी आलं की अंगावर उड्या, परवा सासूबाई पडता पडता वाचल्या. आणि लॉनवर पिवळे गोल डाग पडायला लागलेत ते वेगळंच.

आम्ही ओरडून बघितलं, तिला खड्ड्याजवळ नेऊन दाखवून रागावून बघितलं. तेव्हा कान पाडते, नजर चोरते, जमिनीला चिकटून बसते, म्हणजे चूक केलीय हे तिला कळतं ना? मग दुसऱ्या दिवशी परत तेच का? एका ट्रेनरने सांगितलं की ती स्वतःला घरातली बॉस समजतेय, तिला पाठीवर पाडून शांत होईपर्यंत दाबून धरा. मी दोनदा केलं. तेव्हापासून मी हात पुढे केला की ती मागे सरकते. हे लिहिताना पण मला कसंतरी होतंय. कृपया कोणीतरी नीट सांगा काय करू.

शेपूटवाला

नवीबाग ताई, सगळ्यात आधी ते पाठीवर पाडणं आजपासून बंद. बाकी सगळं त्यानंतर. मागे सरकतेय म्हणजे हात आला की काहीतरी वाईट होतं असं ती शिकलीय, आणि घाबरलेलं कुत्रं असं दाबून धरलं तर एक दिवस चावूही शकतं. हे भरून निघतं, काळजी करू नका, पण वेळ लागेल.

ते बॉसचं प्रकरण कुठून आलं ते थोडं सांगतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं, त्यातून वरचढपणाच्या मारामारीची कल्पना पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली आणि त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. म्हणजे ज्यावर सगळं उभं होतं तेच सरकलं, आणि कुत्रा तर लांडगाही नाही. चिंगीला तुमची खुर्ची नकोय हो, तिला त्या मातीत काहीतरी मिळतंय.

आता ते कान पाडणं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग आहे. मालकाने खाऊ खायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं, परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि हे सांगणं काही वेळा मुद्दाम खोटं असायचं. तो अपराधी चेहरा मालक रागावला की दिसायचा, कुत्र्याने खरंच खाल्लंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट न खाता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्त दिसला. चिंगी तुमचा आवाज आणि चेहरा वाचतेय आणि म्हणतेय की रागावू नकोस ना. तासाभरापूर्वीचा खड्डा आणि आत्ताचा राग हे तिच्या डोक्यात जोडलंच जात नाही.

मला दोन गोष्टी सांगा. ती नक्की केव्हा खणते, आणि वाफ्यात खणते तेव्हा तुम्ही कुठे असता?

मातीतले हात

माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. रोपं लावताना खड्ड्यात खत काय घातलंत? बोनमील, म्हणजे हाडांची भुकटी, घातलं असेल तर उत्तर तिथेच आहे. आपल्याला ती भुकटी वाटते, कुत्र्याला जमिनीत हाड पुरलेलं वाटतं, ते मिळेपर्यंत उकरणारच. माशांचं खत, रक्ताची भुकटी यांचंही तेच. आणि भरपूर खाल्लं तर पोटात घट्ट गोळा होऊन अडकू शकतं.

हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच हात जोडून सांगते, एरंडीची पेंड कुत्रा असलेल्या बागेत अजिबात वापरू नका. वासाला कुत्री खेचली जातात आणि त्यात रायसिन नावाचं विष राहिलेलं असू शकतं, उलट्या, रक्ताचे जुलाब, जिवावर बेततं. गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात त्या पण नकोत, त्याने थरथर आणि झटके येतात. कोकोच्या टरफलांचं आच्छादन छान दिसतं पण चॉकलेटमध्ये जे कुत्र्यांना बाधतं ते थिओब्रोमिन त्यातही असतं. यातलं काही खाल्ल्याचा संशय जरी आला तरी उलटी होतेय का बघत बसू नका, पाकीट उचला आणि सरळ व्हेटकडे पळा. कण्हेर आणि सायकस ही झाडंही विषारी, ती असतील तर तो भाग जाळी लावून बंदच करा.

कोणीतरी मिरची पूड टाकायला सांगेलच म्हणून आधीच लिहिते, नको. ती नाकाने जगते, ती पूड नाकाडोळ्यात गेल्यावर काय होत असेल विचार करा.

नवीबाग

बोनमीलच घातलंय हो! चारही वेळा मूठ मूठ. आणि मी तिला त्यासाठी ओरडत होते. खूप वाईट वाटलं वाचून.

शेपूटवाला दादा, खणते बहुतेक दुपारी, मी आत लॅपटॉपवर असते तेव्हा. फिरायला सकाळी एकदा पंधरा मिनिटं नेते, बाकी वेळ बाग आहेच ना म्हणून मोकळी सोडते.

जुनंघर

तीस वर्षं कुत्री पाळतोय. आमच्या वेळी एक चापटी दिली की विषय संपायचा, आणि आमची कुत्री आमच्यावर जीव टाकायची. सारखा खाऊ दिला तर खाऊ नसताना ऐकेल का हा माझा साधा प्रश्न आहे. धाक अजिबात नको म्हणणं मला पटत नाही.

शेपूटवाला

काका, तुमच्या कुत्र्यांनी जीव लावला यात मला अजिबात शंका नाही. पण चापटीने शिकवायचं तर ती अगदी त्याच क्षणी, दरवेळी पडायला हवी, आणि घरात हे कोणालाच जमत नाही. मग कुत्रं एवढंच शिकतं की हा माणूस समोर असताना खणायचं नाही. माझ्या पहिल्या कुत्र्याचं मी हेच केलं होतं. तो माझ्यासमोर शहाणा आणि मी आत गेलो की उकरायला सुरू. शेवटी तर मी शी उचलायला वाकलो तरी तो दचकायचा. ते मी अजून विसरलो नाही म्हणून इतकं लिहितोय. खाऊचं म्हणाल तर सुरुवातीला दरवेळी द्यायचा, सवय लागली की कधी द्यायचा कधी नाही, कधी नुसतं कौतुक. त्याने सवय उलट पक्की होते.

ताई, तुमच्या उत्तरात सगळं आलं. बाग म्हणजे व्यायाम नाही. रोज तेच अंगण, तेच वास, एकटं कुत्रं तिथे बसून कंटाळतं. बीगल वासामागे जाणारी जात, आखूड पायांच्या डॅक्सहुंडला तर बिळातल्या बिज्जूच्या मागे जायलाच तयार केलं. तिच्या अंगात खणणं असेल तर ते बंद होणार नाही, त्याची जागा बदलायची. सावलीत एक वाळूचा हौद करा, तिच्या लांबीच्या दुप्पट तरी. पहिले काही दिवस तिच्यादेखत खेळणी, खाऊ अर्धवट पुरा, तिने उकरलं की तोंडभर कौतुक. वाफ्याकडे वळली तर न ओरडता बोलवून हौदाकडे न्या. आणि ती एकटी असताना वाफा बंद पाहिजे, कारण शिकत असताना दहा वेळा तिकडे खणायला मिळालं तर तीच सवय घट्ट होणार. फिरायची वेळ वाढवा आणि तिला हुंगू द्या, ओढत नेऊ नका. झाडाखालचा खड्डा मात्र उकाड्याचा आहे, खालची माती गार असते. तिथे पाणी आणि गार फरशी ठेवून बघा, नाहीतर तो एक खड्डा तिला देऊन टाका.

गेटचं तिच्या बाजूने बघा. माणूस येतो, मी भुंकते, माणूस जातो. तो त्याच्या वाटेनेच जातोय हे तिला कुठे माहीत, तिच्या लेखी दरवेळी तीच जिंकते. आपण आतून ओरडलो की तिला वाटतं हे पण भुंकतायत. खालचा भाग चटई लावून झाका म्हणजे दिसणारच नाही. मग माणूस लांब असतानाच, भुंकायच्या आधी, नाव घेऊन बोलवा, आली की लगेच खाऊ. एकदा भुंकायच्या नादात गेली की तिला काही ऐकू येत नाही, तेव्हा शिकवायला जाऊ नका.

उड्यांसाठी पाठ फिरवायची, हात नाही, शब्द नाही, नजर नाही. चारही पाय जमिनीवर आले की लगेच खाली बसून लाड. पहिले काही दिवस उड्या वाढतील, कारण आधी चालायचं ते आता का चालत नाही म्हणून ती जास्त जोर लावेल. तिथेच लोक हरतात. आणि घरातल्या एकानेही मधेच लाड केले तर ते महिनोन्महिने चालतं. सासूबाई असताना मात्र पट्टा लावूनच ठेवा.

मातीतले हात

वाफ्यावर तारेची बारीक षटकोनी जाळी आडवी अंथरून वर माती भुरभुरवा, कडा खाली वळवून दाबा म्हणजे पायाला टोचणार नाहीत. पंजाखाली तार लागली की मजा जाते. बुंध्याभोवती मोठे गोटे ठेवा. आणि बोनमीलवाली माती काढून बदला, नुसतं झाकून वास जात नाही.

डागांचं कारण लघवीतला नायट्रोजन, खत एकाच जागी जास्त झाल्यासारखं, म्हणून डागाच्या कडेला बघा, गवत गर्द हिरवं असेल. कुत्र्या खाली बसून एकाच ठिकाणी सगळं सोडतात म्हणून त्यांचे डाग ठळक. झाल्या झाल्या बादलीभर पाणी ओता, किंवा एका कोपऱ्यात खडी टाकून पट्ट्याने रोज तिथेच न्या. लघवीचा आम्लपणा बदलायला खाण्यात काहीबाही मिसळू नका, खडे होऊ शकतात.

मोगऱ्याची आई

एकच भर घालते. घरात आधी कधी शू न करणारी अचानक करायला लागली, जास्त पाणी पिते, किंवा स्वभाव एकदम बदलला तर आधी व्हेट. आमची मोगरा सोफ्यावर करायची, आम्ही आठवडाभर रागावलो आणि निघालं मूत्राशयाचं इन्फेक्शन. तिला दुखत होतं तेव्हा आम्ही ओरडत होतो. आणि एकटं सोडल्यावर फक्त दारं खिडक्याच ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल तर ती भीती असते, तेव्हा फोन ठेवून व्हिडिओ काढा आणि तो व्हेटला दाखवा.

नवीबाग

पाच आठवड्यांनी लिहितेय. माती बदलली, जाळी घातली, रोपं अजून जागेवर आहेत आणि दोनांना कळ्या आल्यात! हौदात ती रोज दुपारी खणते, संध्याकाळी मी परत पुरून ठेवते. सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळ नेते, पाऊण तास तरी, अर्धा वेळ ती नुसती हुंगतच असते. गेटवर चालत जाणाऱ्यांना आता सोडते, बाइकला अजून नाही. पिवळे डाग नवीन पडले नाहीत.

हाताचं सांगायचं राहिलं. मी रोज जमिनीवर बसून हात नुसता उघडा ठेवायचे, तिच्याकडे न्यायचा नाही असं ठरवलं होतं. पहिले दहाबारा दिवस लांबूनच बघायची. परवा स्वतः आली आणि हनुवटी तळहातावर ठेवून बसली. मी रडलेच.

अडलंय फक्त एका ठिकाणी. सासूबाईंना आता तिची भीती वाटत नाही, उलट फार लळा लागलाय, त्यामुळे तिने उडी मारली तरी त्या प्रेमाने बिस्कीट देतात. त्यांना नको कसं म्हणू?

मोगऱ्याची आई

नको म्हणूच नका. बिस्किटांचा डबा त्यांच्याच हातात द्या आणि सांगा की चिंगी खाली बसली की द्यायचं काम तुमचं. आमच्याकडे सासऱ्यांना असंच सांगितलं, आता ते आमच्यापेक्षा कडक झालेत, बसल्याशिवाय तुकडा देत नाहीत.