विषय: मॉनिटरवर नुसतं ‘नो सिग्नल’, कोणी सांगेल का?

नमस्कार मंडळी,
यंदा स्मरणिका माझ्या गळ्यात आहे हे ठाऊकच आहे सगळ्यांना. लेक सुट्टीत आला तेव्हा मॅक मिनी देऊन गेला, अॅपलचा छोटा कॉम्प्युटर, एम४ चिपवाला, पोळ्यांच्या डब्यापेक्षा लहान. मॉनिटर मात्र ह्यांच्या ऑफिसातला जुना, २४ इंची. त्याला मागे दोनच भोकं, एक निळं व्हीजीए आणि एक चपटं, एक कोपरा कापलेलं. जेल रोडला गेले, दुकानदार म्हणाला, ‘आंटी, एक साइड एचडीएमआय, एक साइड डीपी, लगा दो, चल जाएगा.’ लावली. दोन दिवस झाले, काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी इकडून तिकडे फिरतेय. फोनची चार्जिंग केबल पण पुढच्या भोकात घालून बघितली (तिच्या दुसऱ्या टोकाला टाइप-सी ते डीपी असं कनेक्टर लावून, तेही त्याच दुकानातलं). ढिम्म. मुळात हा डबा चालू झालाय की नाही तेच कळत नाही, बटण कुठाय?
– रामबागवाली काकू

---

काकू, बटण खाली आहे, मागच्या कोपऱ्यात, डबा जरा उचलून बोट घालायचं. का तिथे दिलंय ते विचारू नका. पुढे बारीक पांढरा दिवा लागला की चालू.
आता केबल. मॉनिटरचं ते चपटं भोक म्हणजे डीपी, डिस्प्लेपोर्ट; कॉम्प्युटरच्या मागचं एचडीएमआय म्हणजे टीव्हीला असतं तेच. तुमची केबल खराब नाहीये, उलटी आहे. म्हणजे ती एकाच दिशेने चालते, कॉम्प्युटरला डीपी आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तरच. कारण डीपीवाल्या बऱ्याच कॉम्प्युटरांना गरज पडली तर एचडीएमआयची भाषा बोलता येते, पण एचडीएमआयच्या भोकाला डीपी येत नाही, मध्ये दुभाषी लागतो. तसा कन्व्हर्टर मिळतो, त्याला बहुतेक करंटसाठी यूएसबीची एक शेपटी असते. शेपटी नसेल तर घेऊच नका. केबलच्या पॅकिंगवर दोन्ही नावं छापलेली असतात पण दिशा कोणी बघत नाही, मी स्वतः ऑफिससाठी अशा चार आणून बसलोय.
– लोकमान्यनगर

---

काकू, इथे रात्रीचा दीड वाजलाय पण राहवलं नाही. दादाचं बरोबर आहे, पण कन्व्हर्टरच्या फंदात पडूच नका. टाइप-सी ते डीपी अशी एकच अख्खी केबल घ्या आणि मागे थंडरबोल्ट म्हणून टाइप-सीच्याच आकाराची तीन भोकं आहेत, त्यांपैकी कुठल्याही भोकात लावा. मागच्याच हं. पुढची दोन दिसायला डिट्टो तशीच आहेत पण त्यांतून चित्र निघत नाही, पेनड्राइव्ह वगैरेसाठी आहेत ती. आणि चार्जिंगची केबल विसरा, टोक सारखं असलं तरी आत चित्राच्या तारा नसतात, डेटासुद्धा ४८० एमबीपीएसच्या वर जात नाही.
दुकानदाराला ‘टाइप-सी केबल’ म्हणालात तर तो परत चार्जरचीच काढून देईल.
– तुमचा पुतण्या

---

व्हीजीए आहे ना, मग एचडीएमआय ते व्हीजीए कनेक्टर लावा की, दोन-तीनशेत येतो. आमच्याकडे तेच आहे.
– सुदामानगर

---

चालतं काका, पण व्हीजीए अॅनालॉग, अक्षराच्या कडा पसरतात. काकूंना प्रूफं तपासायचीत, र्‍हस्व-दीर्घ बघायचंय, अनुस्वार आहे की पडद्यावरचा डाग ह्यातच दिवस जाईल.
– लोकमान्यनगर

---

मंडळी, आलं चित्र!! जुनी केबल त्याने परत घेतली नाही, ‘पॅकिंग खुल गई आंटी’ म्हणाला, ते जाऊ दे. नवीन आणली, मागे लावली, तरी पाच मिनिटं काळंच, पोटात गोळा. मग ह्यांनी मॉनिटरच्या कडेखालची बटणं दाबत दाबत मेनू काढला तर इनपुट व्हीजीएवरच अडकलेलं, ते डीपी केलं आणि लख्ख. आता ह्यांचं म्हणणं की कॉम्प्युटर त्यांनीच जोडला.
एक राहिलंच, डीपीची केबल परत काढायची झाली तर निघत नाहीये, ओढू का जोरात?
– रामबागवाली काकू

---

ओढू नका!! कनेक्टरच्या पाठीवर खटका असेल, तो दाबून धरा आणि मग काढा.
– लोकमान्यनगर