फौजी घरातलं विस्मरण : अनुभव धागा

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गावापासून खटावपर्यंत कितीतरी घरांत पेन्शनवर आलेल्या फौजींना आता विस्मरणाचा आजार (डिमेन्शिया) जडलाय, आणि नोकरीतली जुनी भीती मात्र वर आलीय. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं? नेमकं लिहा.

फौजीची सून, कोरेगाव
सासऱ्यांना झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका. हात लागला की मनगट पिरगळतात. त्या क्षणी ते घरात नसतात, चौकीवर असतात. आधी दिवा लावा, पायाशी, त्यांचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहा, मग "सुभेदारसाहेब, चहा झालाय". पुष्कळदा "बाबा"पेक्षा हुद्द्याची हाक लवकर पोचते. दिवेलागणीच्या अर्धा तास आधीच घरभर उजेड करा, सावल्या लांबल्या की घालमेल सुरू होते. फटाके वाजणार हे आधी सांगून भागत नाही, पाच मिनिटांत विसरतात. वरात दारावरून जाईपर्यंत कुणीतरी शेजारी बसायलाच हवं.

निवृत्त परिचारिका, सातारा
एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर "आजार पुढं गेला" म्हणून गप्प बसू नका. लघवी तपासा. या वयात संसर्ग असूनही ताप येतोच असं नाही. शौचाला कधी झालं, पाणी किती गेलं, हेही बघा. सर्दी-खाजेला मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गुंगीच्या गोळीनं भ्रम वाढतो. आणि कॅन्टीनची रम रोज घेणाऱ्याची एका दिवसात तोडू नका, कृपा करून! दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

बँकेतून निवृत्त, कराड
मुखत्यारपत्रावर विसंबू नका. करून देणाऱ्याची समज गेली की ते कायद्यानं संपतं. समज शाबूत आहे तोवर पेन्शनचं खातं पत्नीबरोबर संयुक्त करून घ्या. तातडीची वेळ सोडून ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकच्या रेफरलशिवाय, म्हणजे तिथल्या चिठ्ठीशिवाय, दवाखाना गाठलात तर बिल अडकू शकतं.

फौजीची मुलगी, वाई
पलटणीत पहारा पाळीपाळीनं बदलतो, घरात मात्र एकच बाई रात्रभर जागते. दहा ते दोन आणि दोन ते सहा अशा दोन पाळ्या करा, मुलांनीही एक धरावी. आईची झोप तुटली की तिच्या मनाचा तोल जातो, मग बाबांचाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. रात्री दोनलाही लावा.